बँकेचे ९० दिवस, पिकाचे १५० दिवस

खत, बियाणं आणि औषधांच्या वितरणात माल जूनमध्ये जातो आणि पैसा दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत येत राहतो, काही पट्ट्यांत तर थेट एप्रिलमध्ये. बँकेचं कॅश क्रेडिट (सीसी) खातं, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपर्यंत पैसे काढता-भरता येणारं कर्जखातं, मात्र ९० दिवसांच्या आतल्या येण्यावरच, म्हणजे दुकानदारांकडून यायच्या बाकीवरच, चालतं. जालना, परभणी आणि हिंगोली जिल्ह्यांतल्या कृषी सेवा केंद्रांना माल पुरवताना आमचं रोखीचं सगळं नियोजन या दोन मुदतींमधल्या फरकाभोवती फिरतं. नफा किती टक्के सुटतो हा प्रश्न त्यानंतरचा.

तिन्ही जिल्ह्यांत पैसा एका वेळी येत नाही. भोकरदन तालुक्यात पिंपळगाव रेणुकाईचा बाजार उन्हाळी मिरचीने भरला की मे-जूनमध्येच दुकानदाराच्या गल्ल्यात रोख येते. मंठा, परतूर, जिंतूर हा सोयाबीन-तुरीचा पट्टा. तिथे ऑक्टोबरात मळणी झाल्यावर पहिला पैसा आणि जानेवारी-फेब्रुवारीत तुरीवर दुसरा. अंबड-घनसावंगीकडे कापूस, मोसंबी आणि गोदाकाठचा ऊस. उसाचे पैसे ऊस कारखान्याला दिल्यापासून १४ दिवसांत द्यावेत असा नियम आहे, पण आधी ऊस तुटला पाहिजे, आणि तोड डिसेंबरात मिळते की मार्चमध्ये यावर त्या दुकानदाराची उधारी फिटणं अवलंबून. वसमतला हळद. तिथे जूनमध्ये दिलेल्या मालाचा हिशेब हळद शिजून, वाळून, विकून झाल्यावर, म्हणजे मार्च ते मे दरम्यान होतो. म्हणून टॅलीत (हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) दुकानदारांचे गट आम्ही तालुक्यावर न करता पीकपट्ट्यावर केले आहेत. ‘नोव्हेंबरात किती येईल’ हे जिल्ह्याच्या एकूण येण्यावरून कधीच कळत नाही, पट्ट्यावरून बऱ्यापैकी कळतं.

भावाचाही परिणाम लगेच दिसतो. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजार त्याच्या खालीच राहिला. ज्यांना शक्य होतं त्यांनी माल घरात ठेवला. शेतकऱ्याचं सोयाबीन घरात म्हणजे दुकानदाराची उधारी वहीत आणि आमचं बिल ९० दिवसांच्या पलीकडे, अशी ती साखळी आहे.

आता बँकेचं गणित. लहान उद्योग-व्यापाराला खेळतं भांडवल देताना बँका बहुधा उलाढालीची पद्धत लावतात: अपेक्षित वार्षिक उलाढालीच्या २५ टक्के खेळतं भांडवल लागेल असं धरायचं, त्यातले ५ टक्के व्यापाऱ्याचे आणि २० टक्के बँकेचे. १५ कोटींच्या उलाढालीला ३ कोटींची मर्यादा. यामागे पैसा वर्षातून चार वेळा फिरतो असं गृहीत आहे. किराणा मालाच्या वितरकाला ते चालतं. खरिपाच्या निविष्ठांत, म्हणजे खत-बियाणं-औषधांत, मोठा पैसा वर्षातून जेमतेम दोन वेळा फिरतो, तेव्हा हे सूत्र आपल्या मापाचं नाही हे प्रस्ताव देतानाच मांडावं लागतं.

शिवाय मंजूर ३ कोटी म्हणजे काढता येणारे ३ कोटी नव्हेत. दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटवरून जी डीपी, म्हणजे ड्रॉइंग पॉवर, निघते तेवढेच काढता येतात. जूनअखेरचं उदाहरण घ्या. गोदामात माल ३ कोटी २० लाखांचा, त्यातला कंपन्यांचे पैसे द्यायचे बाकी असलेला १ कोटी ४० लाखांचा. पैसे दिलेला माल उरला १ कोटी ८० लाखांचा. २५ टक्के मार्जिन, म्हणजे व्यापाऱ्याने स्वतः घालायचा वाटा, वजा जाता १ कोटी ३५ लाख. दुकानदारांकडे येणं २ कोटी ६० लाख, त्यात ९० दिवसांवरचं ६० लाख बाद. राहिलेल्या २ कोटींवर ४० टक्के मार्जिन कापून १ कोटी २० लाख. डीपी झाली २ कोटी ५५ लाख. खात्यात २ कोटी ४० लाख काढलेले असतील तर हातात फक्त १५ लाखांची जागा आहे.

हेच खातं ऑक्टोबरअखेर पाहा. माल विकला गेला, गोदामात उरला १ कोटी १० लाखांचा; त्यातले ५० लाख कंपनीचे द्यायचे. उरलेल्या ६० लाखांवर मार्जिन जाऊन ४५ लाख. येणं वाढून ४ कोटी १० लाख, पण जून-जुलैची बिलं ९० दिवस ओलांडून गेल्यामुळे त्यातले २ कोटी ३० लाख बाद. उरलेल्या १ कोटी ८० लाखांचे मार्जिन वजा जाता १ कोटी ८ लाख. डीपी १ कोटी ५३ लाख, आणि काढलेले २ कोटी ६० लाख. खातं १ कोटी ७ लाखांनी वर. याच चार महिन्यांत फर्मचं स्वतःचं भांडवल २ कोटींवरून २ कोटी १० लाख झालेलं आहे. धंदा नफ्यात, एकही दुकानदार पळालेला नाही, तरी खातं अनियमित. नवीन वितरकाला हे कुणीतरी कागदावर मांडून दाखवायला हवं, कारण पहिल्या वर्षी हा धक्का दिवाळीच्या तोंडावर बसतो.

सीसी खात्यातून काढलेली रक्कम मर्यादेच्या किंवा डीपीच्या वर सलग ३१ ते ६० दिवस राहिली की खातं एसएमए-१ (बिघडण्याच्या वाटेवरच्या खात्यांचा बँकेचा वर्ग), ६१ ते ९० दिवसांत एसएमए-२, आणि ९० दिवसांच्या पुढे एनपीए, म्हणजे थकीत कर्ज. काढलेली रक्कम डीपीच्या आत असूनही ९० दिवसांत खात्यात काहीच जमा झालं नाही, किंवा जमा झालेली रक्कम त्या काळातल्या व्याजालाही पुरली नाही, तरी एनपीएचाच शेरा. आणखी एक बाब बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही: तीन महिन्यांहून जुन्या स्टॉक स्टेटमेंटवरून काढलेली डीपी बँक धरत नाही. माल आणि येणं दोन्ही उत्तम, पण स्टेटमेंट दिलंच नाही म्हणून खातं बिघडलं, असं होऊ शकतं. महिन्याच्या १० तारखेच्या आत स्टेटमेंट देणं हे आमच्याकडे पगारापेक्षा आधीचं काम आहे.

स्टेटमेंट काढण्याआधी एक दिवस फक्त बिलवार जुळवणीला जातो. दुकानदार २ लाख भरतो तेव्हा कोणत्या बिलाचे ते सांगत नाही. टॅलीत ती रक्कम ‘ऑन अकाउंट’, म्हणजे कोणत्याच बिलाला न लावता, पडून राहिली तर जूनचं बिल उघडंच दिसतं आणि येण्याच्या यादीत ९० दिवसांवर जातं, खरं तर ते फिटलेलं असताना. जुनं बिल आधी या क्रमाने सगळ्या जमा रकमा लावल्या की डीपी बऱ्याचदा पाच-सात लाखांनी वाढते. याच्या उलट, जुनी बिलं रद्द करून त्याच मालाची नवी बिलं फाडायची आणि येणं ताजं दाखवायचं, हा सल्लाही बाजारात मिळतो. तो अजिबात ऐकू नये. ५ कोटींवरच्या उलाढालीला ई-इनव्हॉइस सक्तीचं आहे, करपात्र मालाचं प्रत्येक बिल पोर्टलवर तारखेसह नोंदलेलं असतं, आणि स्टॉक ऑडिटला येणारा माणूस जीएसटीची विवरणं समोर ठेवूनच बसतो. खोटं स्टेटमेंट दिल्याचा शेरा एकदा बसला की पुढची दहा वर्षं कोणतीही बँक दार उघडताना विचार करते.

मग ऑक्टोबरची ती १ कोटी ७ लाखांची खाच भरायची कशी? पहिली तयारी मंजुरीच्या वेळीच होते. येण्याची मुदत ९० ऐवजी १२० किंवा १५० दिवस धरावी, असं लेखी मागावं; सोबत मागच्या तीन वर्षांची महिनावार विक्री आणि महिनावार वसुली द्यावी. ‘आमचा धंदा हंगामी आहे’ या वाक्यावर बँक काही देत नाही, तक्त्यावर देते. वरच्याच उदाहरणात मुदत १५० दिवस असती तर जूनची बिलं ऑक्टोबरअखेरही धरली गेली असती आणि खाच बरीचशी भरली असती. दुसरी मागणी हंगामातली आणि बिगरहंगामातली (बँकेच्या भाषेत peak आणि non-peak) अशा दोन मर्यादांची: मे ते नोव्हेंबर जास्त, डिसेंबर ते एप्रिल कमी. तात्पुरती वाढीव मर्यादा हवी असेल तर तिचा अर्ज ऑगस्टमध्ये, दुकानदारांच्या बिलवार यादीसह. ऑक्टोबरात खातं वर गेल्यावर केलेला अर्ज शाखाधिकाऱ्याला संकटाचा वाटतो. ऑगस्टमध्ये केलेला तोच अर्ज त्याला नियोजनाचा वाटतो.

दुसरी तयारी खरेदीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये कंपन्या ॲडव्हान्स बुकिंग घेतात आणि आगाऊ रकमेवर सूट देतात. समजा महिन्याला १ टक्का मिळतो आणि सीसीचं व्याज वर्षाला साडेदहा टक्के आहे. २० लाख दोन महिने आधी दिले तर मिळतील ४०,००० आणि व्याज जाईल ३५,०००, सुटतात ५,०००. पण कंपनीकडे दिलेली आगाऊ रक्कम ना माल असते ना येणं, ती डीपीत धरली जात नाही. ५,००० रुपयांसाठी २० लाखांची जागा दोन महिने अडवायची का? कापसाच्या एखाद्या चालणाऱ्या वाणाचा कोटाच बुकिंगवर मिळणार असेल तर द्यावेत, तेही मार्चच्या वसुलीतून. नुसत्या सवलतीसाठी सीसीतून देऊ नयेत.

कॅश डिस्काउंटचा हिशेब वेगळा. ४५ दिवसांच्या बिलाला सातव्या दिवशी पैसे दिले तर दीड टक्का सूट, अशी योजना असेल तर ३८ दिवसांचं व्याज साडेदहा टक्क्यांनी सुमारे १.०९ टक्के. १० लाखांच्या बिलावर १५,००० मिळतात, १०,९०० जातात. फायदा आहे. मात्र १० लाख दिले की त्या मालावर डीपी वाढते साडेसात लाखांनीच, आणि तो माल उधारीवर विकला की साधारण सहा लाखांवर येते. म्हणजे १० लाखांच्या प्रत्येक लवकर दिलेल्या बिलामागे अडीच ते चार लाख मोकळे लागतात. तेवढी जागा असेल तेवढ्याच बिलांना आम्ही सूट घेतो, बाकीची ४५व्या दिवशी. कंपनीच्या माध्यमातून मिळणारं चॅनल फायनान्स इथे उपयोगी पडतं, कारण बँक कंपनीला लगेच पैसे देते आणि आपल्याला ६० किंवा ९० दिवस मिळतात. पण ती मुदत कॅलेंडरची असते. जूनच्या सुरुवातीला उचललेलं बिल सप्टेंबरच्या सुरुवातीला फेडायचंच असतं, सोयाबीन तेव्हा शेंगेत असलं तरी. त्यामुळे त्यावर फक्त रोखीने विकला जाणारा माल घ्यावा.

रोखीचा माल कोणता, हे ठरलेलं असावं. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना विकायची असते. त्यावर महिनाभराची उधारी म्हणजे गोणीमागे सव्वादोन रुपयांहून जास्त व्याज, वर हमाली आणि भाडं. वितरकाच्या वाट्याला येणारे मोजके रुपये तिथेच संपतात. अनुदानित खत आम्ही उधार देत नाही. ते पैसे ज्या दिवशी येतात त्याच दिवशी सीसीत भरतो, कारण हंगामात खातं फिरतं ठेवणारा हाच पैसा असतो. मिरची पट्ट्यात रोख जास्त येते, तिथे वसुलीच्या माणसाला एक नियम पाठ हवा: एका दुकानदाराकडून एका दिवसात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. तुकडे करून दोन पावत्या केल्या तरी दिवस एकच असतो.

उधारीची मर्यादा प्रत्येक दुकानाला आधीच ठरवून, टॅलीत टाकून ठेवतो. मागच्या वर्षी किती बिल झालं ते न पाहता ३१ डिसेंबरपर्यंत किती जमा झाले ते पाहायचं, आणि त्याच्या निम्म्याइतकीच एका वेळची उधारी. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात चांगला पाऊस झाला की दिवसाला तीस-चाळीस दुकानांतून फोन येतात, प्रत्येक जण ‘आजच गाडी पाठवा’ म्हणतो. त्या गर्दीत मर्यादा ठरवायला बसलात तर ती ठरत नाही. ज्या दुकानदाराची आडतही आहे त्याच्याकडे विशेष लक्ष. वसुली त्याची सर्वांत पक्की, कारण शेतकऱ्याचा माल त्याच्याच काट्यावर येतो. पण भाव पडलेले असले तर तो आपले पैसे सोयाबीनच्या पोत्यांत गुंतवून भाववाढीची वाट पाहू शकतो. नोव्हेंबरात त्याच्या दुकानात जाऊन मागची खोली पाहून यावी. उत्तर तिथे थप्पीला लागलेलं असतं.

लवकर भरणाऱ्याला सवलत दिलीच पाहिजे, आणि ती खरी असली पाहिजे. ३१ ऑगस्टपर्यंत भरल्यास ३ टक्के, ३१ ऑक्टोबरपर्यंत दीड टक्का, पुढे काही नाही. ३१ ऑगस्टऐवजी ३१ डिसेंबरला पैसे आले तर चार महिन्यांचं व्याज साडेतीन टक्के जातंच, तेव्हा ३ टक्के देऊन तोटा नाही, शिवाय ऑक्टोबरच्या खाचेत तेवढी माती पडते.

चेकबद्दल दोन गोष्टी. ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक त्याच दिवशी वटतात. पूर्वी आज चेक द्यायचा आणि दोन दिवसांत वसुली भरून ठेवायची, ही सवय होती. ती आता परत आलेल्या चेकने मोडते. आणि दुकानदाराचा चेक परत आला तर तारखा मोजायच्या: बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, नोटीस मिळाल्यापासून त्याला १५ दिवस, ते संपल्यावर एका महिन्यात न्यायालयात तक्रार. चेक स्वतः तीन महिनेच चालतो. ‘शेठ, पुढच्या बाजाराला देतो’ यावर थांबून ३० दिवस निघून गेले तर मुदत असेपर्यंत चेक पुन्हा लावता येतो, नंतर तोही मार्ग बंद. नोटीस पाठवली म्हणजे संबंध तुटले असं होत नाही. शांतपणे सांगून पाठवलेली नोटीस बहुतेक दुकानदार समजून घेतात.

जीएसटीचा झटका २० तारखेला बसतो. बहुतेक औषधांवर १८ टक्के. १० लाखांच्या विक्रीवर १ लाख ८० हजार कर निघतो, खरेदी ९ लाख ४० हजारांची असेल तर १ लाख ६९ हजारांची वजावट मिळून प्रत्यक्ष भरायचे जेमतेम ११,०००. पण कंपनीचं बिल ३० जूनचं आणि गाडी गोदामात २ जुलैला उतरली, तर ती वजावट जूनमध्ये घेता येत नाही. कंपनीने बिल वेळेत पोर्टलवर चढवलं नाही तरी तसंच. मग विकलेल्या मालाचा कर २० तारखेला रोख भरायचा, आणि दुकानदाराकडून तो यायला अजून चार महिने. म्हणून महिन्याच्या शेवटच्या चार दिवसांत दूरच्या डेपोतून औषधं मागवत नाही, आणि १४ तारखेला दोन-बी (पुरवठादारांनी चढवलेल्या बिलांवरून मिळणाऱ्या वजावटीचं जीएसटी पोर्टलवरचं विवरण) आलं की त्याच दिवशी खरेदीशी ताळा घालतो. त्या दिवशी चूक सापडली तर कंपनीला फोन करायला आणि रकमेची सोय करायला सहा दिवस उरतात.

दर सोमवारी पुढच्या १३ आठवड्यांचा तक्ता नवा होतो. डाव्या बाजूला डीपी आणि काढलेली रक्कम, मग पट्ट्यानुसार येणारी वसुली, मग देणी. वसुलीचा माणूस जो आकडा सांगतो त्यातला निम्मा धरतो. मागच्या सोमवारी सांगितलेला आकडा आणि प्रत्यक्ष आलेला आकडा शेजारी लिहिल्यामुळे कोणाचा शब्द किती खरा तेही काही आठवड्यांत कळतं. देण्यांचा क्रम बदलत नाही: महिनाअखेरचं व्याज आणि आधी दिलेले चेक, २० तारखेचा जीएसटी, पगार-हमाली-भाडं, मग मुदत भरलेली कंपन्यांची बिलं, आणि जागा उरली तर सूट मिळवायची बिलं. २ कोटी ६० लाखांवर महिन्याचं व्याज सव्वादोन लाखांच्या वर जातं, ते तक्त्यात पहिल्या ओळीला असलं पाहिजे. भागीदारांची उचल जुलै ते डिसेंबर बंद. हे घरच्यांना एप्रिलमध्येच सांगून ठेवावं लागतं.

दिवाळीनंतर परतीचा माल येतो. न खपलेलं बियाणं, मुदत संपत आलेली औषधं, ओलीने दगड झालेल्या खताच्या गोण्या. दुकानदार क्रेडिट नोट (परत केलेल्या मालाची रक्कम बिलातून वजा झाल्याची चिठ्ठी) मिळेपर्यंत उरलेली रक्कम अडवतो, कंपनी स्वतःची क्रेडिट नोट उशिरा देते, आणि मधल्या काळात तो माल आपल्या गोदामात, डीपीच्या बाहेर. मुदत संपलेला माल स्टेटमेंटमध्ये धरायचा नाही. परतीसाठी दुकानदाराला ३१ ऑक्टोबर ही शेवटची तारीख बिलावरच छापावी, आणि कंपनीशी परतीचे टक्के खरेदीच्या आधी लेखी ठरवावेत. हंगामापुरतं भाड्याने घेतलेलं गोदाम विम्यात आणि बँकेच्या नोंदीत आहे ना, हे मे महिन्यातच पाहावं. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीनंतर याचं महत्त्व मराठवाड्यात कुणाला समजावून सांगायला नको. विम्याच्या कागदावर ज्या गोदामाचा पत्ता नाही तिथल्या भिजलेल्या मालाला भरपाई मिळत नाही.

अतिवृष्टीच्या वर्षी शेतकऱ्याच्या पीककर्जाचं पुनर्गठन होऊ शकतं, वितरकाच्या येण्याला तशी सोय नाही. तेव्हा महिना दोन टक्क्यांनी बाहेरचे पैसे घेण्याचा मोह होतो. ते वर्षाला २४ टक्के होतात, आणि एवढा नफा कुठल्याही औषधात नाही. विनातारण कर्जाचे मासिक हप्ते तर पुढच्याच महिन्यापासून सुरू होतात, जेव्हा वसुली पाच महिने लांब असते. त्यापेक्षा रब्बीची खरेदी निम्मी करावी, हरभऱ्याचं बियाणं आणि खत फक्त रोखीवर द्यावं, आणि भागीदारांनी ठेव मोडून सप्टेंबरातच पैसे आत आणावेत. त्यातून खातं ३१ दिवस सलग वर राहण्याआधीच खाली येतं.

नूतनीकरणाची कागदपत्रं आम्ही जानेवारीत देतो: तात्पुरता ताळेबंद, पट्टावार वसुलीचा तक्ता, जीएसटीची विवरणं, विम्याची प्रत. तूर बाजारात आलेली असते, खातं वर्षातल्या सर्वांत चांगल्या स्थितीत असतं, आणि मर्यादा एप्रिलपूर्वी हातात पडली तर मे महिन्यातल्या बियाण्याच्या गाड्या अडत नाहीत. वसमतची हळदीची वसुली तेवढी तेव्हाही बाकी असते. तिच्यासाठी मार्चमध्ये एक माणूस आठवड्यातून दोन दिवस तिकडेच ठेवतो.